गावाचे लिहिणारे हात : ग्रामसभेचे इतिवृत्त, संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रस्तावना

स्थानिक स्वराज्य संस्थांमधील माहिती तंत्रज्ञानाच्या वापराविषयी मराठीत जे लेखन होते, त्यातील बहुतांश लेखन ‘सेवा’ या एका शब्दाभोवती फिरताना दिसते. दाखला किती दिवसांत मिळाला, घरपट्टी भरण्यासाठीचे हेलपाटे किती वाचले, तक्रारीचा निपटारा कधी झाला, ही त्या लेखनाची मोजमापे होत. ती गैर नाहीत. तथापि ग्रामपंचायत ही केवळ दाखले देणारी खिडकी नव्हे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जिचा अंमल २४ एप्रिल १९९३ पासून सुरू झाला, पंचायतीला स्वराज्याची संस्था म्हटले आहे आणि तिच्या पायाशी गावातील सर्व मतदारांची ग्रामसभा ठेवली आहे. ग्रामसभा दाखला देत नाही. ती बोलते, भांडते, ठरवते. तिचे बोलणे हवेत विरून जाते आणि मागे उरते ते इतिवृत्त, ज्याला गावोगाव आजही ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. घरकुलाच्या यादीतील अग्रक्रम, दारूबंदीची मागणी, गायरानावरील अतिक्रमण, वनहक्काचा दावा, खाणीला संमती अथवा नकार या सर्व बाबतींत पुढे कार्यालयात आणि न्यायालयात उभे राहते ते गावाचे बोलणे नव्हे, तर त्या बोलण्याविषयी कोणीतरी लिहिलेला मजकूर.

हा ‘कोणीतरी’ आता बदलू पाहत आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ नावाचे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साधन सुरू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण त्यात चढवले की ‘भाषिणी’ या शासकीय भाषामंचाच्या आधारे त्याचे लेखी रूपांतर होते, आवश्यक तेथे अनुवाद होतो आणि सभेचे सुबक, मुद्देसूद इतिवृत्त तयार होते. पंचायतींकडे आधीपासून असलेल्या ‘ई-ग्रामस्वराज’च्या प्रवेशनामाने ते वापरता येते. दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यदिनाच्या विशेष ग्रामसभांसाठी, त्रिपुरा राज्यात त्याचा उपयोग करण्यात आला. ज्या भाषांसाठी हे साधन घडवले गेले त्यांत मराठी आहे. त्यामुळे या साधनाकडे केवळ प्रशासकीय सोय म्हणून न पाहता, गावाविषयीचे एक नवे लेखन म्हणून पाहण्याची आणि त्याची चिकित्सा करण्याची वेळ आली आहे.

महजर ते प्रोसिडिंग

गावाने सभा भरवून निर्णय करावा आणि तो लिहून ठेवावा, ही गोष्ट महाराष्ट्राला १९९३ मध्ये कळली असे नाही. मराठेशाहीतील जे महजर आज उपलब्ध आहेत, त्यांत वतनाचा, शिवेचा किंवा वडीलपणाचा तंटा गोतसभेपुढे आल्यावर काय घडले याची नोंद आढळते. वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या साधनांचा सखोल अभ्यास केला आहे. महजरात ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची नामावळी असते. वादी आणि प्रतिवादी यांचे करीने म्हणजे ज्याने त्याने सांगितलेली हकिगत असते. साक्षी असतात आणि त्यानंतर निवाडा येतो. ज्यांना लिहिता येत नसे त्यांची निशाणी असे : पाटलाचा नांगर, तर बलुतेदारांची आपापल्या धंद्यातील हत्यारांची चिन्हे. म्हणजे लिहिणारा हात एकाचा असला तरी कागदावर गावाचे अनेक हात उमटत आणि हरलेल्या पक्षाचे म्हणणेही त्याच कागदावर राही.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गोतसभा ही जातींच्या उतरंडीवर बसलेली सभा होती. स्त्रियांना तीत जवळजवळ स्थान नव्हते. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, पण त्याच महाराला वेशीच्या आत घर नव्हते. शिवाय लेखणी कुलकर्ण्याच्या हाती होती आणि निरक्षर कुणब्याच्या नावे त्या लेखणीने काय लिहिले जाते हा प्रश्न त्या काळापासूनचाच आहे. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी कचेऱ्यांतील भट कामगारांवर जे कोरडे ओढले, त्यांच्या मुळाशी हीच जाणीव आहे : ज्याला वाचता येत नाही, त्याच्याविषयी लिहिणारा त्याचा मालक होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानातील कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्यांनी एक वतनच मोडले असे नाही. गावाचे दप्तर कोणी लिहावे या प्रश्नाला त्यांनी सार्वजनिक प्रश्न बनवले. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील या वादाची आठवण आजच्या ई-शासनाच्या चर्चेत क्वचितच होते, हे आश्चर्य म्हटले पाहिजे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम आला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि गावाच्या सभेचा लेखनिक म्हणून ग्रामसेवक स्थिर झाला. २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे एकत्र करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नाव देण्यात आले. गावच्या तोंडी मात्र अजून ग्रामसेवकच आहे.

‘सर्वानुमते’चे गद्य

ग्रामसभेच्या इतिवृत्ताची एक ठरलेली भाषा आहे. तिचा गद्यप्रकार म्हणून कोणी फारसा विचार केलेला नाही. परंतु महाराष्ट्रातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींत वर्षातून किमान चार वेळा जो लिहिला जातो, त्याच्याइतका विपुल मराठी गद्यप्रकार दुसरा क्वचितच असेल. पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा विषयही ठरलेला : अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. मधल्या प्रत्येक विषयाखाली सविस्तर चर्चा होते, ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि सूचक व अनुमोदक यांची नावे येतात. ‘सविस्तर चर्चा’ या दोन शब्दांखाली कोण काय बोलले हे नेहमी झाकलेले असते. वाक्यांना कर्ता नसतो. ‘करण्यात आले’, ‘ठरविण्यात आले’, ‘निदर्शनास आणून देण्यात आले’ अशी कर्मणी रूपे सगळा भार वाहतात. ज्या सभेत दोन तास गोंधळ झाला, तिचे इतिवृत्त आणि जी सभा भरलीच नाही तिचे इतिवृत्त, या दोहोंतील गद्य ओळखू न येण्याइतके सारखे असू शकते.

या भाषेमागे एक व्यवहार आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट उरत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी पहिली सभा तहकूब होण्यासाठीच बोलावली जाते की काय, अशी शंका यावी. प्रोसिडिंगच्या वहीत मधली पाने कोरी सोडणे, सह्या आणि अंगठे नंतर घरोघर फिरून घेणे, महिला सभेची नोंद पुरुषांच्या बैठकीतच उरकणे या गोष्टी ग्रामीण महाराष्ट्रात वाढलेल्या कोणत्याही प्राध्यापकास अपरिचित नाहीत. महजरात हरलेल्याचा करीना राहत असे. आधुनिक इतिवृत्तात अल्पमताला जागाच नाही. ‘सर्वानुमते’ हा शब्द निर्णयाचे वर्णन करत नाही, तो विरोधाचा माग पुसतो.

म्हणून यंत्राच्या आगमनावर टीका करताना जुन्या वहीला पवित्र मानण्याची चूक होता कामा नये. यंत्राने बाजूला सारलेला लेखनिक निष्पाप नव्हता. शिवाय तो दमलेलाही आहे : एकाच व्यक्तीकडे दोन किंवा त्याहून अधिक गावांचा कारभार असणे ही अपवादात्मक गोष्ट राहिलेली नाही. मासिक सभा, ग्रामसभा, वसुली, जन्म-मृत्यूच्या नोंदी, लेखासंहितेचे नमुना १ ते ३३ आणि वरून येणारे रोजचे अहवाल यांतून इतिवृत्तासाठी उरणारा वेळ तुटपुंजाच असतो.

संगणक खाली आला, माहिती वर गेली

महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांच्या संगणकीकरणाचा इतिहास आता पाव शतकाहून जुना आहे. वारणा परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. नगरांमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने शतकाच्या आरंभी नागरी सुविधा केंद्राचा जो नमुना घडवला, तो पुढे राज्यभर गिरवला गेला. वारण्याचा अनुभव येथे विशेष बोलका आहे. त्या गावांतील संगणकांवर शेतीसल्ल्यापासून शिक्षणापर्यंत पुष्कळ काही मिळावे अशी योजना होती. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी त्यांचा उपयोग केला तो मुख्यतः ऊसासाठी, म्हणजे वजन, तोडीचा परवाना आणि बिलाची रक्कम जाणून घेण्यासाठी. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी तेथे संगणकांच्या जागी साध्या मोबाइल संदेशांचा प्रयोग केला, तोही याच कामासाठी. जी माहिती शेतकऱ्याची स्वतःची होती आणि जी त्याला परत मिळत होती, तीच टिकली.

ग्रामपंचायतींच्या वाट्याला आलेले संगणकीकरण मात्र उलट्या दिशेने वाहणारे होते. २०११ मध्ये ‘संग्राम’, म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र, हा प्रकल्प आला. २०१५ अखेर तो संपला आणि त्याच्या जागी ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले. केंद्रस्तरावर २०१२ मध्ये पंचायतींसाठी संगणकप्रणालींचा एक संच आला आणि २४ एप्रिल २०२० रोजी ‘ई-ग्रामस्वराज’ सुरू होऊन आराखडा, खर्च व देयके एका ठिकाणी आली. या प्रत्येक टप्प्यावर गावात नवा लेखनिक आला, त्याचे नाव संगणक परिचालक. सेवा केंद्रासाठी ग्रामपंचायतीच्या वित्त आयोगाच्या निधीतून दरमहा १२,३३१ रुपये वळते केले जात. त्यातील परिचालकाच्या हाती काय पडते, हा मात्र वर्षानुवर्षे आंदोलनांचा विषय राहिला. गावाच्या पैशाने, गावातल्याच तरुणाकडून, गावाची माहिती वर पाठवण्याची ही रचना होय.

‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने जो वार्षिक आराखडा तयार होतो, त्याचेच उदाहरण घ्यावे. ग्रामसभेत कोणी म्हणते की पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वस्तीवरच्या मुलींची शाळा बुडते. प्रणालीत हे वाक्य भरण्याची सोय नाही. तेथे क्षेत्र, कामाचा प्रकार, निधीचा स्रोत आणि रक्कम ठरलेल्या याद्यांतून निवडायची असते. वाक्य ‘पूल बांधकाम’ किंवा ‘रस्ता दुरुस्ती’ होऊन वर जाते. मुलींची शाळा त्यातून गळते. यात कोणाचा दुष्टावा नाही. राज्यभराची बेरीज करायची तर गावांचे रकान्यांत रूपांतर करावेच लागते. परंतु या व्यवस्थेत गावाचे स्वतःचे शब्द ज्या एकाच जागी, निदान तत्त्वतः, शिल्लक होते, ती जागा म्हणजे इतिवृत्त. आता तेही प्रणालीत जात आहे, म्हणून हा बदल मागील बदलांहून वेगळा ठरतो.

यंत्राने घेतलेली नोंद म्हणजे खरी नोंद, हा समज या वाटेवर फार पसरला. त्याची परीक्षा रोजगार हमीच्या कामांवर झाली. १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी मोबाइलवरील ‘एनएमएमएस’ प्रणालीतून, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे सक्तीचे झाले. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना कळवावे लागले की कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढले जात आहे. आणि उपाय म्हणून त्या छायाचित्रांची माणसांकरवी पडताळणी करण्याचे आदेश द्यावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने रोजगार हमीच्या जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हजेरीपटावरचा खोटा अंगठा गेला आणि खोटे छायाचित्र आले. मधल्या काळात ज्या मजुराचे छायाचित्र नेटवर्कअभावी चढले नाही, त्याची खरी मजुरी मात्र अडकली.

सार आणि शब्द

‘सभासार’ या नावातच साधनाची दिशा आहे. ते शब्द जपण्यासाठी नव्हे, तर सार काढण्यासाठी आहे. सार काढणे म्हणजे काय गाळायचे हे ठरवणे. आजवर हे ठरवणारा माणूस गावात होता. त्याला चावडीवर गाठून जाब विचारता येत असे, त्याच्याविरुद्ध गटविकास अधिकाऱ्याकडे अर्ज करता येत असे. यंत्राने गाळलेल्या वाक्याविषयी कोणाकडे जायचे? परिचालक सांगेल की आपण फक्त ध्वनिफीत चढवली, अधिकारी सांगेल की प्रणालीने तसे दिले, आणि दोघेही खरेच बोलत असतील.

ग्रामसभेचा आवाज कसा असतो, याचाही विचार व्हायला हवा. सभा मंदिराच्या ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात किंवा लिंबाखाली भरते. ध्वनिक्षेपक सरपंचाजवळ असतो. मागे बसलेली बाई उभी न राहता, शेजारणीच्या आडून, अर्धे वाक्य बोलते. पुढचे अर्धे हशात बुडते. दोन माणसे एकाच वेळी बोलतात. मोबाइल किंवा कॅमेरा ज्यांच्या समोर ठेवलेला असतो, त्यांचा आवाज स्वच्छ येतो, आणि ते कोण असतात हे सांगण्याची गरज नाही. गावातील आसनव्यवस्थाच अशा प्रकारे ध्वनीच्या स्वच्छतेत उतरते. यंत्र पक्षपाती नसेल. पण ते ज्यांना ऐकू शकते, त्यांचेच सार काढते.

येथे आणखी एक धोका आहे. भाषेचे हे नमुने तुटक बोलण्यातून सलग, पूर्ण वाक्ये घडवण्यात तरबेज असतात आणि ते तरबेजपण कधीकधी न बोललेलेही बोलायला लावते. २०२४ मध्ये अमेरिकन संशोधकांनी ‘व्हिस्पर’ या बोलण्याचे लेखन करणाऱ्या प्रसिद्ध प्रणालीची तपासणी केली, तेव्हा सुमारे १ टक्का ध्वनिखंडांच्या लेखनात मुळात न उच्चारलेली वाक्ये आढळली. ज्यांच्या बोलण्यात थांबे अधिक, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होते. ‘सभासार’चा आधार वेगळा आहे, म्हणून तो आकडा त्यास जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. तथापि पद्धती एकाच कुळातील आहेत. आणि ग्रामसभेत थांबे फार असतात. ‘या ठरावाला कोणाचा विरोध आहे का?’ या प्रश्नानंतरची शांतता संमतीची असते, भीतीची असते किंवा कंटाळ्याची असते. माणूस लेखनिक तिला ‘सर्वानुमते’ म्हणे. यंत्रही तिला तेच म्हणेल, कारण ज्या प्रकारच्या इतिवृत्तांच्या साच्यात त्याला उत्तर द्यायचे आहे, त्या साच्यात शांततेला दुसरा शब्दच नाही. नवे साधन जुन्या गद्याची सवय मोडणार नाही. ते तिला अधिक सफाईदार व्याकरण देईल.

भाषेचा प्रश्न तर याहून मूलभूत आहे. मराठी उपलब्ध आहे असे म्हटले म्हणजे कोणती मराठी? धुळ्या-जळगावची अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीपट्टीची बोली यांत बोलणारा माणूस प्रमाण मराठीच्या यंत्रात आपोआप सामावत नाही. आणि जे मराठी बोलतच नाहीत त्यांचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात भिली गटाच्या भाषा बोलणारे सुमारे १ कोटी ४ लाख आणि गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख लोक होते. दोन्ही भाषा आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ हे अनुवादसाधन चाचणीरूपात सुरू केले, त्यात या दोन्ही भाषांचा समावेश आहे ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण त्यासाठी भिली मध्य प्रदेशातील आणि गोंडी छत्तीसगडमधील घेण्यात आली आहे. नंदुरबारच्या आणि गडचिरोलीच्या ग्रामसभांना आपली बोली तेथे कितपत ओळखू येते, हे त्यांनाच विचारावे लागेल.

जेथे इतिवृत्त हाच पुरावा

वरील शंका अतिशयोक्त वाटू नयेत म्हणून काही ठिकाणांची आठवण आवश्यक आहे. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने ग्रामसभांकडे सोपवला. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगरिया कोंध वक्ते आपल्या भाषेत बोलले. डोंगर देव आहे, हे त्यांचे म्हणणे ठरावांत राहिले म्हणूनच खाण थांबली. याउलट छत्तीसगडमधील हसदेव अरण्यात कोळसा खाणीसाठी दाखवलेले ग्रामसभांचे ठराव बनावट असल्याची तक्रार घेऊन ग्रामस्थ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले. दोन्हीकडे कळीचा मुद्दा एकच : सभेत जे झाले आणि कागदावर जे आले, ते एक आहे काय? नियमगिरीच्या वक्त्यांच्या बोलण्याचे एखाद्या यंत्राने ‘ग्रामस्थांनी धार्मिक भावनांचा उल्लेख करून प्रकल्पाबाबत चिंता व्यक्त केली’ असे सार काढले असते, तर ते चूक ठरले नसते. त्यातून नकार तेवढा नाहीसा झाला असता.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचे उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक शिकवणारे आहे. देवाजी तोफा यांच्यासारखे ग्रामस्थ आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सहअध्ययी यांच्या प्रयत्नांतून तेथे ग्रामसभेने निर्णय सर्वसहमतीने घेण्याची रीत रुजली. मतदान नाही, एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा अभ्यासगटात जातो. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवशी वनखात्याच्या हातची लेखणी गावाच्या हाती गेली, असे म्हटल्यास ते अलंकारिक ठरणार नाही. परवाना खरोखरच ग्रामसभा लिहू लागली. आता मेंढ्याच्या वहीतील सर्वसहमती आणि ज्या गावात सभा अर्ध्या तासात उरकली तेथील ‘सर्वानुमते’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. एकामागे महिनोन्महिन्यांची चर्चा आहे, दुसऱ्यामागे चर्चेचा अभाव. सारात दोन्ही सारखेच दिसतील.

या ठिकाणी साधनाच्या बाजूने एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे, कारण तिच्याकडे त्याच्या समर्थकांचेही पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘सभासार’मधील मोलाची वस्तू सार नव्हे, सार काढण्यासाठी जे आधी करावे लागते ते ध्वनिमुद्रण होय. कोऱ्या पानांवर नंतर लिहिलेला ठराव, न भरलेली सभा, घरोघर गोळा केलेले अंगठे या जुन्या दुखण्यांवर सभेची मूळ ध्वनिफीत हे खरे औषध ठरू शकते, मात्र ती जपली आणि मागितल्यास मिळाली तरच. हसदेवच्या ग्रामस्थांना ३०० किलोमीटर चालावे लागले, कारण त्यांच्या हाती सभेचा आवाज नव्हता. इतिवृत्त जलद तयार होते म्हणून साधनाचे कौतुक करायचे आणि ध्वनिफीत ही केवळ कच्चा माल समजून विसरायची, असा क्रम राहिला तर जे दुर्मीळ होते तेच हातचे जाईल. ध्वनिफितीची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहावी, ती ऐकण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला असावा आणि यंत्राने केलेल्या इतिवृत्तावर तसे स्पष्ट लिहिलेले असावे, एवढ्या गोष्टींसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या महापालिकांनी २०२० मध्ये, आपण कोणत्या कामासाठी कोणती स्वयंचलित प्रणाली वापरतो याची नोंदवही नागरिकांसाठी खुली केली. ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर तशी चार ओळींची नोंद लावणे अवघड नाही.

उरतो तो दुरुस्तीचा प्रश्न. त्यासाठी अधिनियमाबाहेर जाण्याचीही गरज नाही. प्रत्येक ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे हाच असतो आणि बहुतेक गावांत तो अर्ध्या मिनिटात संपतो : वाचले असे समजून कायम. यंत्राने लिहिलेले इतिवृत्त त्या वेळी पूर्ण वाचून दाखवले, जेथे गोंडी वा भिली बोलली जाते तेथे गावातल्याच माणसाने ते त्या भाषेत सांगितले, आणि मागे बसलेल्या बाईने ‘मी असं बोलले नव्हते’ किंवा ‘मी बोलले ते यात नाही’ असे म्हटल्यावर ते तिच्या नावानिशी त्याच वहीत, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या हस्ताक्षरात, मजकुराखाली लिहिले गेले, तर कायम होणाऱ्या त्या पानावर पुन्हा एकाहून अधिक हात उमटतील.